दोन पेशींच्या मधली जागा : रुडॉल्फ फिर्खो यांची गोष्ट

वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कुठल्याही डॉक्टरला रुडॉल्फ फिर्खो हे नाव अनोळखी नसते. उच्चार मात्र अनेकांना नवा वाटेल, कारण आपल्याकडे आम्ही सगळे त्यांना ‘व्हर्चो’ म्हणत आलो. मानेच्या खाली डावीकडे, खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडाच्या वर एक टणक गाठ हाताला लागली तर पोटात कर्करोग लपलेला असू शकतो, हे आम्ही तिसऱ्या वर्षी शिकतो. त्या गाठीला त्यांचे नाव आहे. शिरेत रक्त का गोठते याची तीन कारणे आम्ही तोंडपाठ करतो, त्या त्रयीलाही त्यांचेच नाव आहे. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्यांनी दाखवून दिले. रक्ताच्या कर्करोगाला ‘ल्युकेमिया’ हे नाव त्यांनी दिले. आणि आजार हा माणसाच्या पेशींमध्ये होतो, ही आज शाळकरी मुलालाही माहीत असलेली गोष्ट वैद्यकशास्त्राच्या गळी त्यांनी उतरवली.

आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण थोडे वेगळे आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत संशोधकांचे लक्ष पेशींबरोबरच दोन पेशींच्या मधल्या जागेकडेही वळले आहे. ती जागा रिकामी नसते. तिथे कोलॅजेन, इलास्टिन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशा प्रथिनांचे दाट जाळे असते आणि त्यात पाणी धरून ठेवणारे चिकट पदार्थ असतात. आम्ही शिकत होतो तेव्हा हे जाळे म्हणजे विटांमधला चुना, असे सांगून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळत. प्रत्यक्षात हा चुनाच विटांना वागायचे कसे ते सांगत असतो. आणि गंमत अशी, की पेशीला सिंहासनावर बसवणाऱ्या फिर्खो यांनी आयुष्यभर या मधल्या जागेशी झगडा केला होता.

त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. गाव शिफेलबाइन, तेव्हा प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतात. आज ते पोलंडमध्ये आहे. वडील शेती करत आणि नगरपालिकेच्या खजिन्याचे काम पाहत. घरची स्थिती बेताची, मुलगा एकुलता एक आणि हुशार. पैसा नसलेल्या हुशार मुलांना डॉक्टर व्हायचा एक मार्ग तेव्हा होता : सैन्याला डॉक्टर पुरवणारी बर्लिनची संस्था. शिक्षण फुकट, बदल्यात सैन्यात नोकरी. १८३९ मध्ये ते तिथे दाखल झाले, १८४३ मध्ये पदवी घेऊन शारिटे या प्रसिद्ध रुग्णालयात लागले आणि लवकरच शवविच्छेदनगृहाचा ताबा त्यांच्याकडे आला. १८४७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी एका मित्राबरोबर स्वतःचे नियतकालिक काढले. ज्येष्ठांचे नियतकालिक आपले लेख छापत नाही, तर आपणच काढू, असा तो खाक्या.

मग आले १८४८ साल. अप्पर सायलेशिया या प्रशियाच्या एका कोपऱ्यात टायफसची साथ पसरली होती. (टायफस म्हणजे आपला टायफॉइड नव्हे, हा उवांमधून पसरणारा ताप. उवांचा हा संबंध कळायला १९०९ उजाडले.) पिके बुडाली होती, बटाटा हातचा गेला होता, लोक भुकेने आणि तापाने मरत होते. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर सरकारने चौकशीसाठी माणसे धाडली, त्यांत फिर्खो होते. २० फेब्रुवारीला ते निघाले आणि १० मार्चला परतले. जेमतेम तीन आठवडे. पण या तीन आठवड्यांनी त्यांना जन्मभराचा धडा दिला.

तिथली जनता पोलिश बोलणारी, अधिकारी आणि डॉक्टर जर्मन बोलणारे. जमीन मोठ्या जमीनदारांच्या हातात. घरात एकाच खोलीत माणसे, गुरे आणि आजारी. रोग्याला काय होते ते सांगायला त्याची भाषा समजणारा डॉक्टर नाही. सरकारी आरोग्यसेवेत तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला हे वर्णन वाचताना फार लांबचे वाटत नाही, एवढेच म्हणतो. फिर्खो यांच्याकडून सरकारची अपेक्षा बहुधा औषधे, धुरी, विलगीकरण असल्या शिफारशींची असावी. त्यांच्या लांबलचक अहवालात उपाय म्हणून आले ते लोकशाही, मातृभाषेतून शिक्षण, करांचा बोजा गरिबांवरून श्रीमंतांकडे, रस्ते, शेतीची सुधारणा. साथीचे जंतू कोणते हे त्यांना माहीत नव्हते. जंतूंमुळे साथी येतात हेच तेव्हा बहुतेकांना पटलेले नव्हते. तरी साथ कुठे रुजते, हे त्यांनी अचूक ओळखले. माणूस ज्या परिस्थितीत राहतो तीच त्याला आजारी पाडते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

परतल्यावर आठवड्याभरात बर्लिनमध्ये क्रांतीचे वारे रस्त्यावर आले. फिर्खो अडथळे उभारणाऱ्यांमध्ये सामील झाले. वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिकही वर्षभर चालवले. क्रांती फसली आणि सरकारने हिशेब चुकता केला. १८४९ मध्ये त्यांची बर्लिनमधली जागा गेली. बव्हेरियातल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठाने मात्र त्यांना विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर बोलावून घेतले. पुढली सात वर्षे राजकारणापासून दूर, सूक्ष्मदर्शकापुढे गेली. त्यांचे सर्वांत चांगले शास्त्रीय काम याच काळातले, असे माझे मत आहे.

तेव्हाची समजूत समजून घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले असते असे मांडले होते. पण नवी पेशी येते कुठून, याचे त्यांचे उत्तर चुकीचे होते. पेशींच्या मधल्या निराकार द्रवातून, पाकातून साखरेचे खडे जमावेत तशा पेशी जमतात, असे ते मानत. व्हिएन्नाचे मोठे विकृतितज्ज्ञ रोकिटान्स्की यांच्या सिद्धान्तातही रक्तातून झिरपलेला द्रवच आजारांचे मूळ होता. थोडक्यात, मधली जागा ही जननी आणि पेशी ही तिची लेकरे.

फिर्खो यांनी हे उलटे केले. हाड, कूर्चा आणि संयोजी ऊतक म्हणजे त्वचेखाली, स्नायूंभोवती, अवयवांना बांधून ठेवणारा तंतुमय भाग, या तिन्हींत त्यांनी त्या तंतूंच्या गर्दीत लपलेल्या जिवंत पेशी दाखवल्या. तिन्ही एकाच कुळातले आहेत हेही सांगितले. प्रत्येक पेशी तिच्या आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे सूत्र त्यांनी जोरात मांडले. इथे एक नाव घ्यायलाच हवे. पेशी विभाजनाने वाढतात हे रॉबर्ट रेमाक यांनी आधीच दाखवले होते. रेमाक ज्यू होते, त्यामुळे त्यांना विद्यापीठात कधीच योग्य जागा मिळाली नाही, आणि श्रेयही मुख्यतः फिर्खो यांच्या पदरात पडले. रेमाक यांना त्यांनी पुरेसा मान दिला नाही, हा डाग पुसता येत नाही.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले आणि त्यांच्यासाठी वेगळी विकृतिशास्त्र संस्था बांधली. १८५८ मध्ये तिथे डॉक्टरांसमोर दिलेल्या वीस व्याख्यानांचे पुस्तक झाले, तेच प्रसिद्ध ‘सेल्युलार पॅथोलॉजी’. या पुस्तकात शरीर म्हणजे पेशींचे प्रजासत्ताक आहे, प्रत्येक पेशी त्यातली नागरिक. मधल्या द्रव्याचे काय? तर प्रत्येक पेशीचा एक मुलूख असतो, तिच्या भोवतालचे द्रव्य तिच्या अमलाखाली असते, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे जी आतापर्यंत जननी होती ती आता पेशीची जमीनजुमला झाली. हुकूम पेशीचा, जमीन मुकी.

मला यात एक विसंगती नेहमी जाणवते. सायलेशियात ज्या माणसाने आजाराचे मूळ भोवतालच्या परिस्थितीत पाहिले, त्याच माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली भोवतालाला दुय्यम ठरवले. कदाचित त्या काळी ते आवश्यकही असेल. निराकार द्रवाची समजूत मोडल्याशिवाय आधुनिक वैद्यक उभेच राहिले नसते. आणि मधल्या जागेतली प्रथिने ओळखायला लागणारे रसायनशास्त्र तेव्हा जन्मलेलेच नव्हते.

दाहाच्या बाबतीत मात्र या पेशीकेंद्री आग्रहाने त्यांना चकवले. जखम लाल होते, सुजते, गरम होते, दुखते. हे दोन हजार वर्षांपासून माहीत होते. तिथे पू कुठून येतो? फिर्खो यांचे म्हणणे, तिथल्याच संयोजी ऊतकाच्या पेशी वाढून पू होतो. १८६७ मध्ये त्यांचेच शिष्य युलियुस कोनहाइम यांनी बेडकाच्या पारदर्शक ऊतकात रक्तवाहिन्या जिवंतपणी पाहिल्या. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत, फटीतून बाहेर येत आणि ऊतकात शिरत. पू बाहेरून आला होता. गुरूचे मत चुकले आणि शिष्याचे खरे ठरले, यात शास्त्राचे भलेच झाले.

तरी त्यांच्या नजरेला दाद द्यावी लागते. १८६३ च्या सुमारास गाठींवर लिहिताना त्यांनी नोंदवले, की कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि जिथे दीर्घकाळ चिडचिड, म्हणजे जुना दाह, असतो तिथे गाठी उगवतात. शंभर वर्षे या नोंदीकडे कुणी फारसे पाहिले नाही. मग १९८० च्या दशकात अमेरिकेत कोंबडीच्या पिलांवर एक प्रयोग झाला. कोंबड्यांत कर्करोग करणारा विषाणू १९११ पासून ठाऊक होता. तो एका पंखात टोचला तर त्या पंखात गाठ येई, पण रक्तात विषाणू फिरत असूनही दुसऱ्या पंखात येत नसे. मात्र दुसऱ्या पंखाला जखम केली की तिथेही गाठ उगवे. पेशी, विषाणू, सारे तेच, फरक भोवतालाचा. जखमेने आणि तिच्या दाहाने मधल्या जागेत जे बदल घडवले, त्यांनी गाठीला वाट करून दिली.

आज या मधल्या जागेविषयी आपल्याला काय माहीत आहे, ते थोडे विस्ताराने सांगतो.

पेशीच्या कवचावर इंटेग्रिन नावाचे रेणू असतात. हे नाव १९८६ मध्ये पडले. ते एका हाताने बाहेरच्या फायब्रोनेक्टिन किंवा कोलॅजेनला धरतात, दुसऱ्या हाताने पेशीच्या आतल्या सांगाड्याला. बाहेरचा ताण आत पोहोचतो, केंद्रकापर्यंत जातो आणि कोणती जनुके चालू, कोणती बंद हे त्यावर ठरते. आपल्या शरीरातल्या बऱ्याचशा पेशी या जाळ्यावरून सुटल्या तर स्वतःच मरून जातात. या मरणाला शास्त्रज्ञांनी दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच ‘बेघर होणे’ असा आहे. कर्करोगाची पेशी घातक ठरते त्याचे एक कारण हे, की ती बेघर होऊनही मरत नाही.

जाळे किती टणक आहे, यालाही अर्थ असतो. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या टणकपणाच्या जेलवर वाढवण्याचा एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंच्या आणि त्याहून टणक जेलवर हाडाच्या. जमीन मुकी नव्हती तर.

दाहात तर हे जाळे थेट बोलते. बोट कापले की गुठळीतले फायब्रिन आणि फायब्रोनेक्टिन मिळून तात्पुरता मांडव उभारतात, आणि पांढऱ्या पेशी त्याच्या दोऱ्यांवरून चालत येतात. हायल्युरोनिक आम्लाचे लांब धागे शाबूत असतात तोवर पेशींना शांत ठेवतात. जखमेत त्यांचे तुकडे झाले की तेच तुकडे धोक्याची घंटा वाजवतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसात पांढऱ्या पेशींचे विकर इलास्टिन कापते. ते तुकडे आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात आणि त्या आणखी इलास्टिन कापतात. टेनॅसिन-सी हे प्रथिन निरोगी प्रौढ ऊतकात क्वचितच सापडते, इजा झाली की उगवते आणि काम झाले की जायला हवे. संधिवाताच्या सांध्यात ते जात नाही. ते तिथल्या पेशींना जंतू ओळखणाऱ्या यंत्रणेतूनच चिथावत राहते. जंतू एकही नाही, तरी शरीराला वाटते लढाई चालू आहे.

यातला सर्वांत मोठा प्रश्न आम्हाला वॉर्डात रोज भेटतो. टीजीएफ-बीटा नावाचा एक संदेशवाहक या जाळ्यात कुलूपबंद ठेवलेला असतो. जाळे ताणले गेले की पेशी इंटेग्रिनने ते कुलूप ओढून उघडतात. सुटलेला टीजीएफ-बीटा तंतू बनवणाऱ्या पेशींना आणखी कोलॅजेन विणायला लावतो. कोलॅजेन वाढले की जाळे आणखी टणक होते, आणि टणक झाले की कुलूप आणखी सहज उघडते. हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ कारण थांबले तरी काही वेळा ते थांबत नाही. दगडाच्या खाणीत, क्रशरवर धूळ खाल्लेला कामगार काम सोडून दहा वर्षांनी आमच्याकडे धापा टाकत येतो, त्याच्या फुप्फुसात हेच चाललेले असते. यकृताचे मात्र तसे नाही. दारू वेळीच सुटली किंवा हिपॅटायटिसचा विषाणू औषधांनी काबूत आला, तर यकृतातले कोलॅजेन काही प्रमाणात विरघळते आणि कडक झालेले यकृत नरमही होऊ शकते. हल्ली यकृताचा हा टणकपणा मोजायला सुई टोचावी लागत नाही, फायब्रोस्कॅन यंत्राने तो बाहेरून मोजता येतो. दारू सोडून काही महिने झालेल्या रुग्णाला त्याचा आकडा उतरलेला दाखवला, की माझ्या दहा उपदेशांपेक्षा त्या कागदाचा परिणाम जास्त होतो.

फिर्खो यांनी स्वतःही पेशींबाहेर साचणाऱ्या एका पदार्थाला नाव दिले होते. १८५४ मध्ये आयोडिन लावल्यावर तो पिठुळ पदार्थासारखा रंगला म्हणून त्यांनी त्याला स्टार्चवरून ‘अ‍ॅमिलॉइड’ म्हटले. पाच वर्षांत इतरांनी दाखवले, की त्यात स्टार्च नाहीच. ते प्रथिनांसारखे काही आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. वर्षानुवर्षे चाललेल्या क्षयरोगात किंवा संधिवातात मूत्रपिंडात हे अ‍ॅमिलॉइड साचते आणि रुग्णाचे पाय सुजून येतात, तेव्हा तोही जुन्या दाहाचा मधल्या जागेत उरलेला गाळच असतो.

बर्लिनला परतल्यावर फिर्खो पुन्हा राजकारणात उतरले आणि तिथे त्यांनी भोवतालाकडे पाठ फिरवली नाही. १८५९ पासून ते नगरपालिकेत होते. गटारे उघडी वाहणाऱ्या या शहराला भूमिगत सांडपाणी व्यवस्था मिळावी म्हणून त्यांनी अभियंता होब्रेख्ट यांच्या योजनेमागे वजन उभे केले. १८७३ मध्ये काम सुरू झाले. डुकराच्या मांसातून होणाऱ्या ट्रायकिना कृमीच्या रोगाविरुद्ध मांसतपासणी सक्तीची व्हावी म्हणून ते झगडले. प्रशियाच्या विधिमंडळात बिस्मार्क यांच्याशी त्यांचा इतका खटका उडाला, की १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. फिर्खो यांनी शस्त्र म्हणून कृमींनी भरलेले सॉसेज निवडले, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. ती दंतकथा असावी. त्यांनी द्वंद्वाला नकार दिला एवढे खरे. साठ लाखांहून अधिक जर्मन शाळकरी मुलांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग नोंदवून शुद्ध जर्मन वंश असे काही नाही, हेही त्यांनी दाखवले. पुढे त्या देशात जे घडले ते पाहता या पाहणीचे मोल वाढते.

चुकाही मोठ्या माणसाच्या मापाच्या झाल्या. जंतूंना ते शेवटपर्यंत पुरेसे महत्त्व देऊ शकले नाहीत. निअँडरथाल मानवाची कवटी त्यांना मुडदुसासारख्या रोगाने बिघडलेली वाटली. १८८७ मध्ये युवराज फ्रीड्रिख यांच्या घशातून काढलेले तुकडे त्यांच्याकडे तपासायला आले, तेव्हा त्यांना त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. फ्रीड्रिख १८८८ च्या मार्चमध्ये सम्राट झाले आणि ९९ दिवसांत घशाच्या कर्करोगाने गेले. दिलेल्या तुकड्यांत कर्करोग नसेल तर विकृतितज्ज्ञ तो कुठून आणणार, अशी बाजू घेणारे डॉक्टर आजही आहेत, मीही त्यांच्यातला.

४ जानेवारी १९०२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर चालत्या ट्राममधून उतरताना पडले आणि मांडीचे हाड मोडले. म्हातारपणी या हाडाचे मोडणे म्हणजे काय, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. तेव्हा तर शस्त्रक्रियेने ते बसवण्याची आजच्यासारखी सोयही नव्हती. सक्तीच्या विश्रांतीने शरीर खचत गेले आणि ५ सप्टेंबरला हृदय थांबले. पंचविसाव्या वर्षी काढलेले त्यांचे नियतकालिक आजही त्यांच्याच नावाने निघते, आणि त्यात आता पेशींइतकेच त्यांच्या मधल्या जागेवरही लिहिले जाते.